दवाखान्याची समिती: भंडारा जिल्ह्यातील स्थानिक आरोग्यकारभाराचा इतिहास

भंडारा जिल्ह्यातील सार्वजनिक दवाखान्यांचा कारभार गेल्या दीडशे वर्षांत म्युनिसिपालटी, डिस्ट्रिक्ट कौन्सिल, जनपद सभा, जिल्हा परिषद आणि अखेरीस रुग्ण कल्याण समिती अशा निरनिराळ्या नावांखाली चालत आला. या संस्थांची घटना, त्यांचे सभासद निवडण्याची रीत आणि त्यांच्यावर देखरेख करणारे सरकार ही सारी वेळोवेळी बदलली. जिल्ह्याचे राज्यही बदलत गेले. तरीही एका बाबतीत या इतिहासात आश्चर्य वाटावे इतके सातत्य दिसते: दवाखान्याची इमारत, औषधे, खाटा आणि किरकोळ खर्च यांचा भार स्थानिक मंडळींनी उचलावा किंवा निदान त्याचा हिशेब ठेवावा, अशी अपेक्षा प्रत्येक काळात धरली गेली, परंतु रोग्याला तपासणारा डॉक्टर कोण असावा, त्याची बदली केव्हा व्हावी आणि त्याच्या कामाचा जाब कोणी विचारावा, हे प्रश्न त्या मंडळींच्या कक्षेत फारसे कधी आलेच नाहीत. डॉक्टर वरून आणि खर्च खालून, असा हा कारभार होता, आणि त्याची मुळे या भागातील स्थानिक स्वराज्याच्या आरंभापर्यंत जातात.

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारल्यावर त्यांचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले आणि १८६१ मध्ये त्या मुलखाचा समावेश करून मध्य प्रांत हा नवा प्रांत अस्तित्वात आला. भंडारा हा त्यातील एक जिल्हा होय. वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्यात त्या वेळी आजचा गोंदिया जिल्हाही मोडत असे. भंडारा, पवनी आणि तुमसर या तीन गावांना १८६७ मध्ये म्युनिसिपालट्या मिळाल्या. भंडारा पितळी भांड्यांसाठी, पवनी विणकामासाठी आणि तुमसर धान्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असल्यामुळे त्यांच्या उत्पन्नाला आधार होता. प्रांतातील म्युनिसिपालट्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग गावात येणाऱ्या मालावरील जकातीतून, म्हणजे या भागात ज्याला चुंगी म्हणत त्या करातून, येत असे. या नव्या कमिट्यांवर दिवाबत्ती, साफसफाई आणि रस्ते यांबरोबरच दवाखान्याच्या खर्चाची जबाबदारीही येऊन पडली. कमिटीत काही सभासद निवडलेले तर काही सरकारने नेमलेले असत. पण जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर, म्हणजे पुढे ज्याला कलेक्टर म्हटले जाऊ लागले तो अधिकारी, हाच तिच्या कारभाराचा खरा सूत्रधार होता.

त्या काळी ‘डिस्पेन्सरी’ या नावाने ओळखला जाणारा दवाखाना म्हणजे बाह्यरुग्णांना औषध देणारी खोली, लहानसहान शस्त्रक्रियेची सोय आणि बहुतेक ठिकाणी मोजक्या खाटा, एवढीच संस्था असे. तिचा खर्च प्रांतिक सरकारचे अनुदान, म्युनिसिपालटी व पुढे डिस्ट्रिक्ट कौन्सिल यांचे वाटे आणि गावातील सधन लोकांनी भरलेली वर्गणी, अशा तीन प्रवाहांतून भागवला जाई. या तिन्ही प्रवाहांवर नजर ठेवण्यासाठी दवाखान्याची समिती असे. तीत प्रतिष्ठित व्यापारी, मालगुजार, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी आणि त्याबदल्यात जमिनीवरील मालकी हक्क असलेले गृहस्थ, आणि वकील यांना स्थान मिळे. समितीने वर्गणी गोळा करावी, इमारतीची डागडुजी पाहावी आणि रोग्यांच्या जेवणाकडे लक्ष द्यावे, अशी विभागणी होती. वैद्यकीय बाजू मात्र पूर्णपणे सिव्हिल सर्जनच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य सरकारी डॉक्टरच्या, हाती असे, आणि त्याच्या हाताखालचा हॉस्पिटल असिस्टंट, म्हणजे देशी वैद्यकीय शाळेतून तयार झालेला कनिष्ठ डॉक्टर, हाही प्रांतिक वैद्यकीय खात्याचाच नोकर असे. खेड्यापाड्यातील लोकांच्या दृष्टीने हा कनिष्ठ डॉक्टरच दवाखाना होता. तो चांगला निघाला तर चार कोसांवरून रोगी येत, आणि त्याची बदली झाली की दवाखाना ओस पडे. परंतु ज्यांच्या वर्गणीवर दवाखाना उभा होता त्यांना ती बदली थांबवता येत नसे.

व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव मे १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यापाठोपाठ मध्य प्रांताने १८८३ चा स्थानिक स्वराज्य कायदा केला. या कायद्याची रचना समजून घेणे येथे आवश्यक आहे, कारण ग्रामीण दवाखान्यांचे भवितव्य पुढील पासष्ट वर्षे तिच्यातच गुंतलेले होते. प्रत्येक तहसिलीसाठी एक लोकल बोर्ड आणि साऱ्या जिल्ह्यासाठी एक डिस्ट्रिक्ट कौन्सिल, अशी ही दोन पायऱ्यांची उतरंड होती. लोकल बोर्डात गावांच्या गटांचे प्रतिनिधी असत व त्यांना गावोगावचे मुकद्दम, म्हणजे गावकारभाराचे प्रमुख, निवडून देत. व्यापारी वर्गाचे काही प्रतिनिधी असत. आणि उरलेले सभासद सरकार नेमत असे, मात्र त्यांची संख्या एकूण संख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक असू नये असा दंडक होता. डिस्ट्रिक्ट कौन्सिलची घडणही त्याच धर्तीची होती. भंडारा, तिरोडा आणि साकोली या तेव्हाच्या तीन तहसिलींचे प्रतिनिधी अशा रीतीने जिल्ह्याच्या कौन्सिलात येत.

कागदावर हा कायदा त्या काळातील पुष्कळ प्रांतांच्या कायद्यांपेक्षा उदार दिसतो, आणि नियुक्त सभासद अल्पसंख्य ठेवण्याची त्याची तरतूद खरोखरच उल्लेखनीय आहे. परंतु मतदार कोण होते, हे पाहिले म्हणजे चित्र पालटते. मुकद्दम हा गावाचा प्रमुख असला तरी तो महसुली व्यवस्थेचाच एक दुवा होता, तहसीलदाराशी त्याचा रोजचा संबंध येई आणि पुष्कळदा तोच मालगुजार किंवा मालगुजाराचा माणूस असे. त्याने निवडलेल्या सभासदाकडून डेप्युटी कमिशनरच्या सूचनेविरुद्ध हात वर होण्याची शक्यता थोडीच. शिवाय डिस्ट्रिक्ट कौन्सिलला नवे कर बसवण्याचा अधिकार नव्हता. जमीनसाऱ्याबरोबर वसूल होणारे उपकर हेच तिचे मुख्य उत्पन्न होते, आणि लोकल बोर्डांना तर कौन्सिल देईल त्या ठोक रकमेवर भागवावे लागे. रस्ते, शाळा, कोंडवाडे, बाजार आणि दवाखाने यांत ती रक्कम वाटताना दवाखान्याच्या वाट्याला काय येत असेल याची कल्पना करणे कठीण नाही, कारण रस्ता आणि शाळा यांचा लाभ सभासदांच्या गावाला दररोज दिसे, तर दवाखान्याची आठवण आजारपणातच होई.

या संदर्भात भंडारा जिल्ह्याच्या दुसऱ्या एका परंपरेकडे लक्ष वेधणे अप्रस्तुत ठरणार नाही. हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले शेकडो जलाशय येथे आहेत, आणि त्यांचे पाणी धानाच्या बांध्यांना कोणत्या क्रमाने द्यावे याची रीत गावाने स्वतःच बसवली होती. म्हणजे सामाईक मालमत्तेचा कारभार करण्याची क्षमता या मुलखात नव्हती, असे म्हणण्यास जागा नाही. तलावाच्या बाबतीत पाळ बांधणारा, पाणी सोडणारा आणि पाणी घेणारा हे सारे एकाच गावचे व एकमेकांना उत्तरदायी होते. दवाखान्यात मात्र पैसा देणारा, औषध देणारा आणि औषध घेणारा यांच्यामध्ये असा कोणताही दुवा ठेवण्यात आला नव्हता. स्थानिक मंडळे दवाखान्यांबाबत उदासीन असतात, ही तक्रार वसाहतकालीन अधिकाऱ्यांच्या लिखाणात वारंवार येते, पण त्या उदासीनतेचे एक कारण या रचनेतच होते.

आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ साली प्रसिद्ध झाले, तोवर ही रचना स्थिरावली होती. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी मोठा दवाखाना, तहसिलीच्या व बाजारपेठेच्या गावी लहान दवाखाने, आणि साकोलीकडच्या जंगलपट्टीत, जेथे हिवतापाचा जोर अधिक होता, तेथे सर्वांत विरळ सोय, असा साधारण नकाशा होता. याच काळात भंडारा येथे स्कॉटलंडच्या युनायटेड फ्री चर्चच्या मिशनने आपले रुग्णालय चालवले होते. त्यावर ना म्युनिसिपालटीचा अधिकार होता ना कौन्सिलचा. पैसा, डॉक्टर आणि देखरेख तिन्ही एकाच मिशनच्या हाती होती. तेथे लोकांचा आवाज नव्हता हे खरे, पण जबाबदारी कोणाची हा संभ्रमही नव्हता. स्त्रियांच्या उपचारांसाठी १८८५ मध्ये स्थापन झालेला लेडी डफरिन फंड हा तिसरा प्रकार. त्याच्या प्रांतिक शाखा व समित्या होत्या आणि त्यांत अधिकाऱ्यांच्या पत्नी, संस्थानिक व दानशूर सावकार यांचा भरणा असे. पुढील काळात देणगीदारांची नावे रुग्णालयांना देण्याची जी पद्धत रूढ झाली, तिची खूण गोंदिया येथील बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आणि कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय यांच्या नावांत आजही टिकून आहे.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्य प्रांत व वऱ्हाड यांना देशातील सर्वाधिक हानी झालेल्या प्रदेशांच्या पंक्तीत नेऊन बसवले, आणि तहसिलीच्या गावी एखादा दवाखाना असणे व खेड्यातील माणसाला उपचार मिळणे या दोन गोष्टींतील अंतर त्या वर्षी उघडे पडले. त्यानंतर लगेचच कायद्यांची एक मालिका आली. १९१९ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली, म्हणजे काही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपवली व काही गव्हर्नरकडे राखून ठेवली. वैद्यकीय, सार्वजनिक आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य ही तिन्ही खाती सोपवलेल्या गटात गेली. १९२० मध्ये प्रांताने नवा स्थानिक स्वराज्य कायदा आणि १९२२ मध्ये नवा म्युनिसिपालटी कायदा केला. मतदारांचा पाया रुंदावला, बिगरसरकारी अध्यक्ष येऊ लागले, राष्ट्रीय चळवळीतील माणसे स्थानिक सभागृहांत दिसू लागली. मात्र खाते मंत्र्याकडे गेले तरी तिजोरीची किल्ली राखीव बाजूकडेच होती, त्यामुळे दवाखान्यांची संख्या वाढवण्याची इच्छा आणि ती वाढवण्याचे साधन यांची गाठ पडणे दुरापास्त झाले.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला आणि स्थानिक संस्थांकडील आरोग्यप्रशासनावर कठोर निरीक्षणे नोंदवली. छोट्या छोट्या म्युनिसिपालट्या व बोर्डे यांच्याकडे आरोग्याचे काम विखरून ठेवण्याऐवजी जिल्हा आरोग्य मंडळ स्थापावे आणि फक्त मोठ्या शहरांच्या पालिकांना स्वतंत्र ठेवावे, असा तिचा आग्रह होता. ही सूचना मध्य प्रांतात त्या स्वरूपात अमलात आली नाही, कारण तेथे त्याच सुमारास नेमक्या उलट दिशेने जाणारा प्रयोग आकार घेत होता. तत्कालीन मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी पुढाकार घेतलेल्या जनपद योजनेने १९४८ च्या कायद्यान्वये डिस्ट्रिक्ट कौन्सिले आणि लोकल बोर्डे दोन्ही रद्द केली व प्रत्येक तहसिलीसाठी एक जनपद सभा स्थापन केली. भंडारा जिल्ह्यात भंडारा, गोंदिया आणि साकोली येथे अशा सभा आल्या.

या योजनेचा आरंभ जुलै १९४८ मधला, आणि ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेचा आरंभही त्याच महिन्यातला आहे, हा योगायोग अभ्यासकाला विचार करायला लावणारा आहे. ब्रिटनने नगरपालिकांच्या मालकीची रुग्णालये काढून घेऊन ती प्रादेशिक मंडळांकडे व त्यांच्या हाताखालील व्यवस्थापन समित्यांकडे सोपवली. या समित्यांचे सभासद निवडलेले नव्हते, नेमलेले होते, आणि त्यांच्या खर्चाचा भार मध्यवर्ती तिजोरीने उचलला. नागपूरच्या सरकारने मात्र जिल्ह्याच्या पायरीवरचा कारभार मोडून तो तहसिलीत आणला. एकीकडे पैसा वरून येणार व सभासद नेमलेले असणार हे उघडपणे मान्य करण्यात आले, तर दुसरीकडे कारभार लोकांच्या दारात आल्याचा गाजावाजा झाला, पण सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारी महसूल यंत्रणेतलाच राहिला आणि उत्पन्नाचे साधन पूर्वीइतकेच तोकडे राहिले. जनपद सभांच्या अखत्यारीत आरोग्याचे काम होते, परंतु वैद्यकीय अधिकारी पुरवणारे खाते आधीसारखेच स्वतंत्र होते. मिश्र यांची कल्पना धाडसी होती, यात शंका नाही. तिला पैशाचे पाठबळ देण्याचे धाडस मात्र सरकारने केले नाही, आणि दवाखान्यांच्या बाबतीत तर जुन्या लोकल बोर्डाच्या जागी नवी पाटी लागली, यापेक्षा फारसे काही घडले असे म्हणता येत नाही.

१९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि तिच्याबरोबर दवाखान्याला वर्गणी देणारा, समितीत खुर्ची अडवून बसणारा आणि प्रसंगी खाटांसाठी लाकूड पाठवणारा एक वर्गही मागे पडला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले, आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या १९६१ च्या कायद्याने जनपद सभांच्या जागी १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आणली. या बदलातून आज दिसणारी दुभंगलेली रचना निर्माण झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. तर भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, तुमसर व साकोलीची उपजिल्हा रुग्णालये आणि ग्रामीण रुग्णालये राज्याच्या आरोग्य विभागाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या अधिकाराखाली. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत निवडून आलेले सभासद असतात, पण जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या रुग्णालयावर त्या समितीची सत्ता चालत नाही. म्युनिसिपालटीची, म्हणजे १९६५ च्या कायद्यानंतरच्या नगर परिषदेची, दवाखान्यातील भूमिका तर जवळपास विस्मरणातच गेली.

शहराच्या मालकीचे रुग्णालय ही कल्पना महाराष्ट्रात ज्या ठिकाणी खऱ्या अर्थाने रुजली ते मुंबई होय. तेथील पालिकेचे केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले आणि त्याचा अर्थसंकल्प, नेमणुका व बढत्या या सर्व बाबी पालिकेच्या स्वतःच्या यंत्रणेत ठरत आल्या. मुंबईला ते शक्य झाले ते तिच्या जकातीच्या व मालमत्ताकराच्या बळावर. पितळेच्या आणि धानाच्या व्यापारावर जगणाऱ्या गावाने तीच अपेक्षा ठेवावी, असा आग्रह धरणे अन्यायाचे ठरेल.

नेमलेल्या स्थानिक मंडळाची कल्पना भंडाऱ्यात पुन्हा आली ती एका जुन्या शेजाऱ्याच्या, म्हणजे मध्य प्रदेशाच्या, वाटेने. १९९४ मध्ये सुरतेच्या प्लेगच्या भीतीने देश हादरलेला असताना इंदूर येथील महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या सफाईची मोहीम निघाली आणि तिच्यातून रोगी कल्याण समिती जन्माला आली. रुग्णालयाने शुल्क घ्यावे, ते सरकारी कोषागारात न भरता नोंदणीकृत समितीच्या खात्यात ठेवावे आणि त्याच रुग्णालयावर खर्च करावे, हे तिचे सूत्र होते. मध्य प्रदेशाने ते राज्यभर लागू केले, आणि १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ते देशभर नेले. महाराष्ट्रात या समितीला रुग्ण कल्याण समिती म्हणतात. जिल्हा रुग्णालयाच्या समितीला वर्षाला ५ लाख रुपये आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीला १ लाख रुपये, असे अभियानाचे मूळ प्रमाण होते. लोकप्रतिनिधी व अधिकारी यांचे नियामक मंडळ धोरण ठरवते आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पुढाकाराने चालणारी कार्यकारी समिती प्रत्यक्ष खर्च करते. सभासद पदसिद्ध किंवा नामनिर्देशित असतात. त्यांना कोणीही या कामासाठी निवडून दिलेले नसते. गळके छत, बंद पडलेला पंप, पलंगावरील चादरी, रात्री आलेल्या रोग्यासाठी बाहेरून आणावे लागणारे औषध, अशा खर्चासाठी हा निधी उपयोगी पडतो आणि तो तसा पडतो हे मान्य केलेच पाहिजे, कारण त्याआधी खिडकीची काच बदलण्यासाठीही कागद वर पाठवावा लागे. परंतु डॉक्टरांच्या रिक्त जागा भरणे या समितीच्या हाती नाही, आणि १८८३ च्या लोकल बोर्डाच्या हातीही ते नव्हते.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु अतिदक्षता कक्षात आग लागली. कक्षात १७ बालके होती, त्यांपैकी १० दगावली आणि ७ वाचवण्यात आली. राज्य शासनाने चौकशी केली आणि त्याच महिन्यात जिल्हा शल्यचिकित्सकासह शासकीय सेवेतील डॉक्टर व परिचारिकांवर कारवाई जाहीर केली. विजेची जोडणी, अग्निसुरक्षा आणि रात्रपाळीची हजेरी यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या काळात सर्वत्र विचारला गेला, आणि त्याचे उत्तर बांधकाम, वीज, आरोग्य अशा अनेक विभागांत विभागलेले आढळले. रुग्णालयाच्या दारात स्थानिक मंडळींची एक समिती अस्तित्वात आहे, तिने असे धोके आधी पाहावेत आणि लेखी स्वरूपात वर कळवावेत, अशी अपेक्षा या सर्व चर्चेत क्वचितच व्यक्त झाली. त्या समितीकडे लोक किरकोळ दुरुस्तीचा निधी म्हणूनच पाहत होते, हे त्यामागचे कारण असावे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील केसपेपर, तपासण्या व उपचार यांचे शुल्क रद्द केले. रोग्याच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्हच आहे. समितीच्या दृष्टीने मात्र इंदूरच्या प्रयोगाचा जो कणा होता, म्हणजे त्याच रुग्णालयात जमा होऊन तेथेच खर्च होणारा पैसा, तो या निर्णयाने निघून गेला, आणि आता तिच्या हाती मुख्यतः वरून येणारे अनुदान व त्याच्या खर्चाचे नियम उरले आहेत.